खाली ठेवलेला हात

"बायकांचं पान कोण लिवतं हितं?"

दारात उभ्या राहिलेल्या बाईनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं की आमच्या कार्यालयातले सगळे माना वर करून बघायला लागले. अंगावर हिरवं इरकल, कपाळावर गोंदण, पायात टायरच्या चपला. मागे आणखी दोघी होत्या, पण त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. कुणीतरी हसून माझ्याकडे बोट दाखवलं.

१९९८चा उन्हाळा. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एका दैनिकात मी दर शनिवारी महिलांचं पान काढायची. लोणची, भरतकाम, केस गळणं, उखाणे. मला बातम्या लिहायच्या होत्या आणि संपादक औंधकर मला दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू, कुंदा," असं सांगायचे.

ती बाई माझ्यासमोर येऊन बसली. "मी शेवंता पुकळे. हिंगणवाडीची सरपंच. माझी लेक मला तुमचं पान वाचून दाखवती. तुम्ही बाई हाय, म्हणून तुमच्याकडं आले. सोमवारी मला खाली उतरवणार हायत."

"का?"

"संडास बांधले म्हणून."

मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. शेवंताबाईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

तिनं सांगितलं ते असं. हिंगणवाडीच्या बायका गावामागच्या गायरानात जायच्या. आधीचे सरपंच दत्तूनाना इंगवले यांनी त्या गायरानावर वीटभट्टी टाकली. मग बायकांना डांबरी रस्त्याच्या कडेला बसायची वेळ आली. "गाडीचा उजेड आला की उठून उभं ऱ्हायाचं. उजेड गेला की परत बसायचं. म्हाताऱ्या, पोटुशा, समद्या. माझी सून सातव्या म्हैन्यात अशी उठता-बसता पडली. पोर ऱ्हायलं न्हाई."

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा नानांनीच शेवंताबाईला खुर्चीत बसवलं होतं. मेंढपाळाची बायको, अंगठ्याची, सांगू तिथं उठेल. पंचायतीचा शिक्का नानांच्याच खिशात असायचा. सून पडली त्यानंतर शेवंताबाई नानांच्या ओसरीवर गेली आणि शिक्का मागून घेतला. सही शिकली. भट्टीच्या अर्ध्या जागेवर बायकांच्या संडासांचं काम सुरू केलं. भिंती कमरेएवढ्या आल्या आणि नानांनी अविश्वासाचा ठराव आणला.

"सात मेंबर हायत," ती म्हणाली. "एक मी. एक आमच्या वस्तीवरचा म्हादबा, तो माझ्याकडंनं. ऱ्हायले पाच. ठराव पास व्हायला सातातले पाच हात लागत्यात. त्या पाचांचे हात वर गेले की मी गेले. त्यातले तिघं गडी नानाचे, ते सोडा. पण दोघी बायका हायत. हौसाबाई आन् रंजना. दोघी मला म्हणल्या व्हत्या, वैनी, संडास बांधा. आता दोघींना देवाला म्हणून घेऊन गेल्यात. आठवडा झाला, कुणाला बोलू देईनात."

"मग मी काय करू?"

"तुम्ही जावा. मला बघितलं की हाणतील. तुम्हाला कुणी काय म्हणणार न्हाई. तुम्ही पाककृतीवाल्या."

तिनं ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं. मला मात्र ते चांगलंच लागलं आणि बहुतेक म्हणूनच मी गेले.

*

देवाच्या गावात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोल्यांमध्ये त्या दोघींना ठेवलं होतं. लग्नसराई संपत आली होती, मांडवाचे बांबू अंगणात पडले होते. दाराशी खुर्ची टाकून नानांचा मेहुणा श्रीपती बसला होता. मी आमच्या पानाचा अंक त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "उन्हाळी वाळवणांवर लिहितेय. यात्रेला आलेल्या बायकांना विचारत फिरतेय."

त्यानं अंक उलटापालटा करून बघितला. साबुदाण्याच्या चकल्यांचा फोटो होता. "विचारा की," तो म्हणाला. "यांना तेवढंच येतंय."

हौसाबाई साठीच्या पुढची. रंजना चोवीस-पंचविशीची, दत्तूनानांच्या पुतण्याची, विलासची बायको. दहावी झालेली. महिलांच्या राखीव जागेवर घरातली बाई हवी म्हणून तिला उभं केलं होतं. हौसाबाई खरंच कुरडयांचं सांगायला लागली. गहू किती दिवस भिजवायचे, चीक कसा ढवळायचा. मी लिहून घेत होते. श्रीपती थोडा वेळ ऐकत बसला, मग कंटाळून रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीवर गेला.

तो दाराबाहेर पडल्याबरोबर रंजना म्हणाली, "तुम्ही वाळवणांसाठी आलेल्या नाही."

"नाही. मला शेवंताबाईंनी पाठवलंय."

हौसाबाईनं पदर तोंडावर घेतला. "बया बया."

"ताई, पहिल्या दिवशी मला वाटलं खरंच देवाला आणलंय," रंजना म्हणाली. "मी नवी साडी नेसून आले. आज आठवा दिवस. अजून देवळात नेलं नाही."

मी दोघींना सांगितलं की सभा तहसीलदार घेतील, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती चालत नाही, वाटेल तिकडे मत देता येतं. सांगताना मलाच ते पुस्तकातलं वाटायला लागलं.

हौसाबाईनं मान हलवली. "माजा ल्योक नानाच्या भट्टीवर हाय. सा माणसं खानारी हायत घरात. मी हात वर करणार. शेवंतीला सांग, म्हातारी रडत व्हती, पर करणार." आणि ती खरोखर रडायला लागली.

रंजना म्हणाली, "सभेला घरचे लोक आत बसतात. मागच्या वेळी ग्रामसभेला मी उभी राहिले तर ह्यांनी मागून पदर ओढून खाली बसवलं. समोर हे बसले तर माझ्याच्यानं होणार नाही."

"आणि नसले तर?"

तिनं टपरीकडे बघितलं. श्रीपती चुना चोळत होता. "मला कागदावर कायदा माहीत नाही," ती म्हणाली. "पण त्या खोलीत घरचं कुणी नसेल असं करा. मग मी बघते."

"मी लिहिते," मी म्हटलं. "तुमचं नाव न घेता लिहिते."

"तुम्ही असाल तिथं?"

"असेन."

श्रीपती परत आला तेव्हा रंजना मला मोठ्यानं सांगत होती, "आणि मीठ शेवटी घालायचं, नाहीतर चीक फाटतो."

*

औंधकरसाहेबांनी माझी बातमी दोनदा वाचली. "हे तुझ्या पानावर नाही जाणार," ते म्हणाले.

"मग पहिल्या पानावर घ्या."

"इंगवले आपले जाहिरातदार आहेत."

"साहेब, दोन निवडून आलेल्या बायका कोंडून ठेवल्यात. त्या बाया नसत्या, दोन आमदार असते तर तुम्ही आठ कॉलमी मथळा दिला असता."

त्यांच्या आत कुठेतरी जुना वार्ताहर अजून जिवंत होता. रविवारी पहिल्या पानावर तळाला बातमी आली: 'सरपंच कोण हे नवरे ठरवणार का?' खाली माझं नाव. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्या पानावर माझं नाव आलं ते तेव्हा पहिल्यांदा.

सोमवारी हिंगणवाडीच्या पंचायतीसमोर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. जीपमधून दोघींना उतरवलं. रंजनाच्या अंगावर तीच नवी साडी होती, चुरगळलेली. विलास तिच्या दंडाला धरून तिला आत घेऊन आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दत्तूनाना स्वतः सदस्य नव्हते, तरी भिंतीला टेकून मधोमध बसले होते. शांत, पांढरे स्वच्छ कपडे, हातात जपमाळ.

तहसीलदार तरुण होते, बहुधा पहिलीच नेमणूक. त्यांनी बॅगेतून आमचा अंक काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "सदस्य सोडून सगळ्यांनी बाहेर जायचं. पत्रकार दारात थांबू शकतात."

"आमची बाई हाय साहेब," विलास म्हणाला. "तिला काय कळत न्हाई, सांगावं लागतं."

"ती तुमची बायको बाहेर. इथं ती सदस्य आहे. उठा."

विलासनं नानांकडे बघितलं. नाना उठले, हसले, "कायदा म्हंजे कायदा," असं म्हणून बाहेर गेले. विलास बाहेर गेला, पण खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. तहसीलदारांनी शिपायाला सांगून खिडकी लावून घेतली. खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं आणि उकडायला लागलं.

ठराव वाचला गेला. 'मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे.' शेवंताबाई ताठ बसून ऐकत होती. तिच्या ओठांवरचा घाम मला दारातून दिसत होता.

"ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत."

तिघा पुरुषांचे हात झटकन वर गेले. हौसाबाईचा हात हळूहळू, कोपरापाशी वाकलेला, वर आला. दुसऱ्या हातानं तिनं डोळ्याला पदर लावला होता.

बंद खिडकीवर बाहेरून थाप पडली. "रंजे!"

रंजनानं दोन्ही हात मांडीखाली घातले होते. शाळेत मार खाताना मुलं घालतात तसे.

"रंजनाबाई?" तहसीलदारांनी विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे? नीट सांगा. नोंद करायची आहे."

तिनं घसा साफ केला. "माझा ठरावाला विरोध आहे. मी सदस्य आहे आणि माझा विरोध आहे."

ठराव फेटाळला गेला. बाहेर शेवंताबाईच्या वस्तीवरच्या लोकांनी भंडारा उधळला, हलगी वाजायला लागली. शेवंताबाईनं रंजनाला छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी, मी हाय तुला. मी जित्ती हाय तवर तुला कमी पडू द्यायची न्हाई." मला धरूनही ती रडली. मीही रडले. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

विलासनं मोटारसायकल चालू केली. रंजना गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेली, तर तो तिच्यासमोरून निघून गेला. ती भंडाऱ्याने पिवळी झालेली साडी सावरत घराकडे चालत गेली.

तिला त्यांनी त्याच दिवशी हाकललं.

*

त्या बातमीनंतर तालुक्यातल्या इतर गावांतही अशा सभांना नातेवाइकांना बाहेर काढायला सुरुवात झाली. दुसऱ्या गावांतल्या बायका मला पत्रं टाकायला लागल्या, काही भेटायला आल्या. औंधकरांनी मला बातम्यांचं टेबल दिलं. मुंबईहून एका संस्थेनं शेवंताबाईला भाषणाला बोलावलं, नंतर पुण्यानं. ती छान बोलायची. संडासांचं सांगताना सभागृहं हसायची आणि सुनेचं सांगताना रडायची. रंजनाचं नावही ती सांगायची.

रंजना महिनाभर शेवंताबाईकडे राहिली, मग भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. तिथून तिनं पोटगीचा दावा लावला. दीड-दोन वर्षांनी एके दिवशी ती माझ्याकडे आली. वाळली होती.

"कोर्टात ते म्हणतात, मी त्यांच्या घरात नांदलेच नाही," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून माहेरीच होते, मेंबर नुसती कागदावर होते म्हणतात. रेशनकार्डावरनं नाव काढलंय. वकील म्हणतात पंचायतीचा रहिवासाचा दाखला आणा. तीन खेपा झाल्या. ग्रामसेवक म्हणतो, सरपंचाची सही झाली नाही."

"शेवंताबाई सही करत नाहीत?"

"भेटतच नाहीत."

मला ते खरं वाटलं नाही. मी म्हटलं, चल, मीच येते.

शेवंताबाईच्या घराला पुढं पक्की ओसरी झाली होती. अंगणात दोन जीपा. ओसरीवर पाच-सहा पुरुष आणि त्यांच्या मधोमध दत्तूनाना, जपमाळ घेऊन. मला बघून त्यांनीच हात जोडले. "या ताई. तुमच्यामुळं आमच्या गावाचं नाव झालं."

शेवंताबाई आम्हाला आत घेऊन गेली. चहा टाकला. तिच्या बोलण्यातलं 'न्हाई' जाऊन आता 'नाही' आलं होतं.

"पंचायत समितीला उभी राहतेय ताई," ती म्हणाली. "सभापतीची जागा बाईला आहे. परवा फॉर्म भरायचा."

"नानांच्या पाठिंब्यानं?"

"त्यांच्याशिवाय या गणात कोण निवडून येतंय?"

मी दाखल्याचं काढलं. तिनं रंजनाकडे न बघता चहा गाळला.

"निवडणूक होऊ द्या. मग करते."

"वैनी, तारीख आहे येत्या आठवड्यात," रंजना म्हणाली. "दोनदा तारीख घेतली वकिलांनी. आता न्यायाधीश देणार नाहीत."

"मग मी काय करू? बाहेर कोण बसलंय बघितलंस ना? त्यांच्याच पुतण्याच्या विरोधात आज सही करू?"

"पण मी तिथं राहत होते हे खोटं आहे का? तुमच्या डोळ्यादेखत मी त्या घरात आले. ओटी तुम्ही भरलीत."

शेवंताबाईनं खाली मान घालून आमच्या हातात कपबशा दिल्या. मला राहवलं नाही. "शेवंताबाई, ती तुमच्यासाठी घराबाहेर झाली. तिचा एक हात वर गेला असता तर तुम्ही आज कुठं असता?"

तेव्हा तिनं मान वर केली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, थकवा होता.

"एका हातानं मी वाचले, खरं आहे. पण एका हातानं निवडून येत नाही, ताई. तुम्हीच लिहिलं होतं ना, बाईनं राजकारणात टिकलं पाहिजे? मी टिकतेय. सभापती झाले तर तालुक्यातल्या शंभर बायकांची कामं करीन. ही एक आहे."

"आणि हिचं काय?"

"हिचं करीन की. नंतर."

रंजनानं चहा न पिता कपबशी खाली ठेवली. ओसरीवरून आम्ही जाताना नाना म्हणाले, "सूनबाई, बरी आहेस ना?" तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि पुढं गेली.

*

मी ते सगळं लिहिलं. शेवंताबाईचं नाव घेऊन लिहिलं. औंधकर म्हणाले, "कुंदा, एवढ्या कष्टानं एक बाई वर आली, आणि तूच तिला खाली ओढतेस?" मी म्हटलं, "साहेब, दाखला दत्तूनानांनी अडवला असता तर तुम्ही छापलं असतं ना? मग तिनं अडवलाय तोही छापा." त्यांनी छापलं. शेवंताबाई तरी निवडून आली, सभापती झाली. न्यायालयात दाखल्यावाचून रंजनाचं म्हणणं टिकलं नाही. दावा फेटाळला गेला.

अपील करायचं म्हणून ती पुन्हा दाखल्यासाठी हिंगणवाडीला निघाली, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. शेवंताबाईनं सरपंचपद सोडलं होतं आणि पंचायतीची मुदत संपत आल्यानं गावात नवी निवडणूक लागली होती. या वेळी जागा सर्वांसाठी खुली होती. वस्तीवरची एक अंगणवाडीची बाई उभी राहिली होती, तिच्यासमोर विलास.

पंचायतीत कारभार बघणारा उपसरपंच म्हणाला, "दाखला कशाला हवा आता? पेपरात छापून आलंय की तुम्ही हितं नांदत होता." बाकीचे हसले.

बाहेर आलो तर पंचायतीच्या भिंतीवर दोघं-तिघं कागद चिकटवत होते. माझा लेख. झेरॉक्स काढून मोठा केलेला, मथळ्यासकट, माझ्या नावासकट. वर लाल शाईनं लिहिलं होतं: 'बाईच्या हाती सत्ता दिल्यावर बाईचेच काय झाले ते वाचा.' एक माणूस गोळा झालेल्यांना वाचून दाखवत होता. मधेच थांबून म्हणाला, "आन् हे आपण म्हणत न्हाई बरं का. एका बाईनंच लिवलंय."

पुढच्या ओळीत वस्तीवरच्या बायका उभ्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघी माना डोलावत होत्या.

मी पुढे झाले. रंजना माझ्या आधीच भिंतीशी पोचली होती. तिला बघून वाचणारा गप्प झाला, लोक बाजूला सरकले. भर उन्हात उभं राहून तिनं तो लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. पलीकडे मोटारसायकलवर विलास बसला होता, तोही बघत होता.

"फाडून टाकू?" मी विचारलं.

"नका," ती म्हणाली. "खोटं काय आहे त्यात?"